कलामहाविद्यालयातील संकल्पना-विचार : अध्यापनाच्या प्रयोगांचा आढावा

दृश्यकलेच्या महाविद्यालयीन शिक्षणात रेखाटन, रंगलेपन, मातीकाम किंवा मुद्रण ही कौशल्ये कोणत्या क्रमाने शिकवावीत याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो विद्यार्थ्याच्या कामामागचा विचार शिकवून घडतो की मुळात असावाच लागतो, आणि घडत असेल तर तो कोणत्या वर्षी, कोणत्या स्वाध्यायातून आणि कोणत्या प्रकारच्या बोलण्यातून घडतो, याविषयी. गेल्या शंभर वर्षांत युरोप-अमेरिकेतील आणि भारतातील कलाशाळांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे एकमेकांना छेद देणारी आहेत, आणि त्यांतली बरीचशी आज महाराष्ट्रातील कलामहाविद्यालयांत एकाच वेळी, कधीकधी एकाच शिक्षकाच्या तोंडी, नांदताना दिसतात. पहिल्या वर्षाला ‘आधी हात बसू दे’ असे सांगितले जाते आणि शेवटच्या वर्षाला ‘यात तुझा कन्सेप्ट काय?’ असे विचारले जाते. मधल्या काळात हा पल्ला विद्यार्थ्याने कसा गाठावा, याची जबाबदारी मात्र वेळापत्रकातल्या कोणत्याही एका विषयाकडे नसते.

चर्चेपुरते तीन शब्द वेगळे ठेवणे सोयीचे आहे. चित्रात जे दाखवले आहे तो विषय. त्या दाखवण्यातून पाहणाऱ्यापर्यंत जो अर्थ, भाव किंवा भूमिका पोचते तो आशय. आणि विषय, माध्यम, आकार, मांडणीची जागा व पाहणाऱ्याकडून अपेक्षित कृती यांना एकत्र बांधून, हे काम असेच का असावे व दुसऱ्या रूपात का नसावे हे ठरवणारे सूत्र म्हणजे संकल्पना. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले मुंबईचे चित्रकार अतुल डोडिया यांच्या २००२ मधील ‘महालक्ष्मी’ या कामात हा फरक स्पष्ट दिसतो. दुकानाला असते तसल्या लोखंडी शटरवर देवीची प्रतिमा रंगवलेली आहे, आणि शटर वर सरकवले की मागच्या कॅनव्हासवर हुंड्यापायी गळफास घेतलेल्या बहिणी दिसतात. हुंडाबळी हा विषय भित्तिपत्रकातही येऊ शकला असता. पण दुकान, गल्ला आणि धनाची देवता यांना जोडणारे शटर हेच चित्राचे अंग बनते आणि पाहणाऱ्याला पूजेच्या प्रतिमेमागे काय झाकले आहे ते त्या शटरच्या हालचालीतूनच कळते, तेव्हा माध्यम निव्वळ पृष्ठभाग उरत नाही. हीच दोन दृश्ये सपाट कॅनव्हासवर शेजारी-शेजारी रंगवली असती तर विषय तोच राहिला असता, संकल्पना मात्र उरली नसती.

येथे एक गैरसमज दूर ठेवणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकात अमेरिका व युरोपात उदयाला आलेली आणि सोल लेविट यांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या निबंधामुळे नावारूपाला आलेली संकल्पनात्मक कला ही एक चळवळ होती. तिच्यात कल्पनेला अग्रक्रम होता आणि वस्तू प्रत्यक्ष घडवणे दुय्यम, प्रसंगी अनावश्यक मानले गेले. संकल्पना-विचार शिकवणे म्हणजे ती चळवळ शिकवणे नव्हे. तैलरंगातले व्यक्तिचित्रही संकल्पनेने बांधलेले असू शकते आणि मांडणीशिल्पही, म्हणजे वस्तू एखाद्या जागेत मांडून केलेली कलाकृतीही, संकल्पनेवाचून नुसती जागा अडवू शकते. महाराष्ट्रातील अनेक अनुभवी शिक्षकांचा ‘कन्सेप्ट’वरचा राग वस्तुतः अशा संकल्पनेवाचूनच्या कामांवरचा असतो, आणि तो बऱ्याचदा रास्तही असतो.

मुंबईत १८५७ मध्ये जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून जे. जे. ही कलाशाळा सुरू झाली, तेव्हा विद्यार्थ्याने स्वतंत्र विचार करावा हे तिचे उद्दिष्टच नव्हते. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील पद्धतीवर बेतलेल्या या शिक्षणातून उत्तम रेखाटन करणारे कारागीर आणि सजावटकार घडावेत, अशी अपेक्षा होती. १८६५ पासून जॉन लॉकवुड किपलिंग यांनी येथे वास्तुशिल्पाची सजावट शिकवली. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवल्या. पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत जिवंत मॉडेलवरून चित्रण आणि भित्तिचित्रे यांना बळ मिळाले. या परंपरेने धुरंधरांसारखे चित्रकार दिले, आणि तिच्यात विचार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पौराणिक प्रसंगातला नेमका कोणता क्षण निवडायचा, कोणाला उजेडात ठेवायचे, कोणाची पाठ दाखवायची, हे ठरवणे हा विचारच आहे. मात्र प्रश्न दुसऱ्याने मांडलेला असे. शिक्षक किंवा स्पर्धा विषय ठरवी आणि विद्यार्थी त्याचे उत्तर रचनेत शोधी. प्रश्न कोणी मांडायचा, या कसोटीवर पुढचे सगळे प्रयोग तपासता येतात.

या पद्धतीचा वारसा महाविद्यालयाच्या आधीच सुरू होतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे गावोगावच्या मुलांपर्यंत चित्रकला पोचली, हे मोठेच काम आहे. पण स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशा प्रश्नपत्रिकांची तयारी करताना मुले बाजार, बसथांबा, सणाची मिरवणूक अशी दोन-चार दृश्ये पाठ करतात आणि परीक्षेत कोणताही विषय आला तरी तीच माणसे थोडी हलवून बसवतात. प्रवेश परीक्षेतही हाच साचा पुन्हा भेटतो. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी त्यामुळे कोरा नसतो. उत्तर आधी ठरवून प्रश्न त्याच्यात बसवण्याची सवय त्याच्या हाताला पक्की लागलेली असते, आणि संकल्पनेच्या शिक्षकाला पहिल्यांदा तीच सोडवावी लागते.

जे. जे. मधील विद्यार्थ्यांचा खरा वैचारिक खटाटोप १९४० च्या दशकात वर्गाबाहेर झाला, ही गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीने बोलकी आहे. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना १९४५ मध्ये शाळेतून काढून टाकण्यात आले; १९४७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. कला कशासाठी, कोणासाठी आणि कोणत्या भाषेत, हे त्यांचे वाद वर्गातल्या रचनाचित्राच्या तासाला झाले नाहीत. शाळेच्या आत अपवाद होते, आणि शंकर पळशीकर हा त्यांतला ठळक अपवाद. व्यक्तिचित्रणावर असामान्य हुकमत असलेल्या या शिक्षकाने रंग, आकार आणि भारतीय तत्त्वविचार यांची सांगड घालण्याचा ध्यास घेतला आणि विद्यार्थ्यांच्या काही पिढ्यांना तो लावला. परंतु चांगला शिक्षक लाभणे ही पद्धत होऊ शकत नाही.

पद्धत म्हणून पहिला मोठा बदल जर्मनीत झाला. १९१९ मध्ये वायमार येथे वॉल्टर ग्रोपियस यांनी स्थापन केलेल्या बाउहाउसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आधी एक पायाभूत वर्ग करावा लागे. तो सुरुवातीला योहानेस इट्टेन आणि नंतर लास्लो मोहोली-नॉज व योसेफ अल्बर्स यांनी चालवला. अल्बर्स यांच्या वर्गातला एक स्वाध्याय जवळून पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांच्या हाती नुसती वर्तमानपत्रे द्यायची, वाया काही घालवायचे नाही, शक्यतो डिंक-कात्रीही वापरायची नाही, आणि कागदाचा कागद म्हणून विचार करून काहीतरी घडवायचे. बहुतेकांनी किल्ले, होड्या, विमाने, प्राणी अशा वस्तू केल्या. अल्बर्स यांनी त्या बाजूला ठेवल्या, कारण त्या दुसऱ्या कोणत्याही पदार्थात अधिक चांगल्या झाल्या असत्या. त्यांनी उचलून धरला तो एक अगदी साधा तुकडा, ज्यात कागद फक्त लांबीत दुमडून उभा केला होता. एरवी आडवा पडून राहणारा मऊ कागद घडीमुळे ताठ उभा राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजू एकदम दिसू लागल्या. विद्यार्थ्याने कल्पना बाहेरून आणून कागदावर लादली नव्हती. ती त्याला पदार्थाच्या स्वभावात सापडली होती.

भारतात हा विचार पायाभूत अभ्यासक्रमाच्या रूपाने पसरला आणि पसरता पसरता त्यातला प्रश्न गळून गेला. आज बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षी टू-डी आणि थ्री-डी डिझाइन असते. रंगचक्र, छटांच्या पट्ट्या, पोताचे चौकोन, तारेची किंवा माउंटबोर्डची रचना असे नमुने वर्षानुवर्षे तेच राहतात, आणि वरच्या वर्गातल्या मुलांची सबमिशन पाहून ते सुबकपणे उतरवले जातात. अल्बर्स यांच्या वर्तमानपत्राचे उत्तर आधी कोणाला माहीत नव्हते. रंगचक्राचे उत्तर वर्गात शिरण्यापूर्वीच सगळ्यांना माहीत असते.

शांतिनिकेतन आणि बडोदा येथील उत्तर वेगळे होते आणि भारतीय संदर्भात ते अधिक टिकाऊ ठरले. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांनी निसर्ग, ऋतू, कारागिरी आणि परिसर यांच्याशी रोजचा संबंध हाच अभ्यासक्रम मानला. तिथून शिकून आलेल्या के. जी. सुब्रमण्यन यांनी बडोद्यात, १९५० मध्ये सुरू झालेल्या ललितकला विद्याशाखेत, या दृष्टीला आधुनिक कलेच्या भाषेची जोड दिली. ना. श्री. बेंद्रे आणि शंखो चौधरी यांच्यासारखे हाडाचे कलावंत तिथे शिकवत होते, आणि चित्रकला-शिल्पकलेच्या शेजारीच कलेतिहास व समीक्षेचा विभाग होता. १९६१ पासून भरणाऱ्या फाइन आर्ट्स फेअरमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसून खेळणी, मुखवटे व वस्तू बनवीत, त्यामुळे उच्च कला आणि बाजारातली वस्तू यांतली भिंत वर्गातच पातळ झाली. भूपेन खख्खर यांचे उदाहरण या वातावरणाचा परिणाम नेमका दाखवते. मुंबईचा हा सनदी लेखापाल १९६२ मध्ये बडोद्यात आला तो कलासमीक्षेचा विद्यार्थी म्हणून. चित्रकाराचे रीतसर शिक्षण त्याच्याकडे नव्हते. कॅलेंडरे, देवादिकांची छापील चित्रे, न्हाव्याचे आणि घड्याळजीचे दुकान यांकडे पाहण्याची त्याची तिरकस, प्रेमळ नजर वाचन, वाद आणि मैत्री यांतून घडली. कौशल्य आधी आणि विचार नंतर, हा क्रम निसर्गनियम नाही, याचा याहून चांगला पुरावा भारतीय कलेत सहसा मिळत नाही. अर्थात खख्खर यांच्या अनघड रेषेचे अनुकरण करून संकल्पना येत नाही, हेही त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी तितक्याच ठामपणे सिद्ध केले आहे.

१९६९ च्या सुमारास पाश्चात्त्य कलाशाळांनी हा क्रम जाणीवपूर्वक उलटा करून पाहिला. कॅनडातील हॅलिफॅक्स येथील नोव्हा स्कोशिया कॉलेजमध्ये डेव्हिड अस्केव्होल्ड यांनी ‘प्रोजेक्ट्स क्लास’ सुरू केला. त्यात दूरच्या कलावंतांनी सूचना लिहून पाठवायच्या आणि विद्यार्थ्यांनी त्या पार पाडायच्या. रॉबर्ट बॅरी यांची सूचना अशी होती की, विद्यार्थ्यांनी एकत्र बसून कोणतीही एक कल्पना ठरवावी आणि ती गटाबाहेर कोणालाही, खुद्द बॅरींनाही, सांगू नये; गुपित फुटेपर्यंत कलाकृती अस्तित्वात राहील. लॉस एंजेलिसजवळच्या कॅलआर्ट्समध्ये जॉन बाल्डेसारी यांनी १९७० पासून ‘पोस्ट-स्टुडिओ’ म्हणजे चित्रशाळेपलीकडच्या कलेचा वर्ग घेतला. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये पीटर कार्डिया आणि सहकाऱ्यांनी शिल्पकलेच्या नव्या विद्यार्थ्यांना एका खोलीत बंद करून थर्मोकोलचा ठोकळा दिला. बोलायचे नाही, काय करायचे ते कोणी सांगणार नाही, शिक्षक फक्त पाहणार आणि कामाबद्दल बरे-वाईट काहीही बोलणार नाहीत. शाबासकीवर जगण्याची शाळकरी सवय मोडणे, हा त्यामागचा हेतू होता.

या प्रयोगांनी विद्यार्थ्याला स्वतःचे प्रश्न मांडायला शिकवले का? बॅरींच्या सूचनेत प्रश्न पुन्हा बाहेरूनच, पोस्टाने, आला होता; मात्र तो इतका रिकामा होता की तो भरण्याचे काम पूर्णतः विद्यार्थ्यांवर पडले. बंद खोलीने परावलंबन उघडे पाडले, पण त्याची किंमत विद्यार्थ्यांच्या अस्वस्थतेत मोजावी लागली, आणि मराठवाड्यातून किंवा कोकणातून पहिल्यांदाच शहरात आलेल्या मुलावर असा प्रयोग करणे निव्वळ निर्दयपणाचे ठरेल. बेल्जियन विचारवंत थिएरी द दूव यांनी १९९० च्या दशकात या सगळ्या इतिहासाची एक उपयुक्त विभागणी केली. जुनी अकादमी प्रतिभा, कसब आणि अनुकरण यांवर उभी होती. बाउहाउसची परंपरा सर्जनशीलता, माध्यम आणि नवनिर्मिती यांवर. आणि १९७० नंतरच्या शाळा चिकित्सक भूमिका, व्यवहार आणि रूढ अर्थांची मोडतोड यांवर. या तिसऱ्या पद्धतीचाही शेवट साचेबंद पवित्र्यांत होतो, हे त्यांचे निरीक्षण मुंबई-पुण्यातल्या शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनांना तंतोतंत लागू पडते. तिथे भरतकामाची रिंग, जुन्या सुटकेसा, एक्स-रे फिल्म आणि टांगलेले कपडे हे ‘विचारी’ कामाचे गणवेश झालेले दिसतात.

प्रश्न मांडण्याचे महत्त्व निव्वळ मतावर अवलंबून राहू नये म्हणून शिकागोत झालेल्या एका अभ्यासाकडे वळणे भाग आहे. जेकब गेट्झेल्स आणि मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात तेथील आर्ट इन्स्टिट्यूटच्या शाळेतील ३१ विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले आणि १९७६ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. एका टेबलावर २७ वस्तू ठेवल्या होत्या. त्यांतून हव्या त्या निवडून दुसऱ्या टेबलावर मांडायच्या आणि त्यांचे स्थिरचित्र काढायचे, एवढेच काम होते. काहींनी दोन-तीन वस्तू उचलल्या, मांडल्या आणि लगेच रेखाटायला घेतले. काहींनी बऱ्याच वस्तू हाताळल्या, फिरवून पाहिल्या, त्यांचे भाग हलवले, सहसा कोणी न घेणाऱ्या वस्तू निवडल्या आणि चित्र सुरू झाल्यावरही मांडणी बदलली. तज्ज्ञांनी चित्रे तपासली तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांची चित्रे नावीन्य आणि सौंदर्यमूल्य यांत सरस ठरली. कारागिरीशी मात्र या वागण्याचा तसा संबंध दिसला नाही. काही वर्षांनी पाहिले तेव्हा कलाक्षेत्रात टिकून राहून नाव मिळवणाऱ्यांत असे विद्यार्थी अधिक होते. संशोधकांनी याला समस्या सोडवण्याऐवजी समस्या शोधणे असे नाव दिले. अभ्यासाच्या मर्यादा उघड आहेत: सगळे विद्यार्थी पुरुष होते, आणि यशाचे माप कलादालनांच्या व्यवस्थेतूनच आलेले होते. तरीही त्यातून निघणारी गोष्ट वर्गात उपयोगी पडणारी आहे. संकल्पना ही रेखाटन सुरू होण्यापूर्वी डोक्यात झळकणारी वस्तू नसून वस्तू हाताळण्याच्या, निर्णय लांबवण्याच्या आणि चालू कामात बदल करण्याच्या वर्तनातून ती तयार होते. आणि वर्तन असल्यामुळे ते शिकवता येते. महाराष्ट्रातल्या वर्गात स्थिरचित्राची मांडणी अजूनही बहुधा शिक्षकच, पडदा-घडा-सफरचंदासह, विद्यार्थी येण्यापूर्वी करून ठेवतात. ती मांडणी विद्यार्थ्याकडे सोपवण्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

वरच्या वर्गात हेच तत्त्व विषयाच्या पातळीवर लागू होते. समजा, ‘पाणी’ हा विषय दिला. माण किंवा जतसारख्या दुष्काळी तालुक्यातून आलेला विद्यार्थीही प्रथम भेगाळलेली जमीन, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका आणि नळाला लोंबणारा एकच थेंब हीच चित्रे काढतो, कारण ती त्याने वर्तमानपत्रांत आणि स्पर्धांत पाहिलेली असतात, स्वतःच्या घरी नव्हे. येथे ‘अजून विचार कर’ असे सांगण्याने काही होत नाही. उपयोगी पडतात ते बारीक, जवळजवळ पंचनाम्यासारखे प्रश्न: टँकर कोणत्या दिवशी येतो, तो येण्याआधी जागा कशी धरतात, ड्रमवर नाव कशाने लिहितात, भांडण झाले तर निवाडा कोण करते? अशा विचारण्यातून विद्यार्थ्याला आठवते की माणसे कामावर गेलेली असताना त्यांचे हंडे, कळश्या आणि निळे ड्रम रांगेत उभे असतात आणि गाव त्या भांड्यांचा नंबर माणसाइतकाच मानतो. भांडे माणसाच्या वतीने उभे राहते, ही गोष्ट हाती लागली की संकल्पनेचा धागा सापडला. मग ते व्यक्तिचित्रांच्या परंपरेत, एकेका भांड्याला बसवून, रंगवायचे की प्रत्यक्ष भांडी दालनाच्या दारातच रांगेत ठेवून पाहणाऱ्याला त्या रांगेत शेवटी उभे करायचे, हा माध्यमाचा निर्णय आपोआप विचाराचा भाग होतो, आणि शिक्षकाला प्रत्येक पर्यायाची किंमत विद्यार्थ्याशी बोलता येते.

असा धागा व्यावसायिक कामात कुठवर जातो, हे चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या कोळसा खाणीच्या गावातून आलेल्या प्रभाकर पाचपुते यांच्या कामात दिसते. खाणकामगारांच्या घरात वाढलेल्या आणि खैरागड व बडोदा येथे शिल्पकला शिकलेल्या या कलावंताने खाणी, विस्थापन आणि कामगारांची शरीरे हा विषय कोळशानेच भिंतीवर रेखाटला. रेखाटनाचा कोळसा आणि खाणीतला कोळसा हे रसायनाच्या दृष्टीने वेगळे असले तरी हात काळे होणे दोन्हीकडे सारखेच. जवळच्या अनुभवातून संकल्पना उभी करण्याचा हा मार्ग ग्रामीण आणि कष्टकरी घरांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विशेष मोकळा आहे. मात्र त्यातही एक फसवणूक दडलेली आहे. शेतकऱ्याच्या मुलाने शेतकरी आत्महत्येवरच काम करावे, अशी शहरी परीक्षकांची अपेक्षा झाली की अनुभवाचाही गणवेश होतो.

कामावर बोलण्याची पद्धत हा या शिक्षणाचा दुसरा आधार. पाश्चात्त्य शाळांत जिला ‘क्रिट’ म्हणतात ती समीक्षा-बैठक कॅलआर्ट्समध्ये मायकेल अॅशर यांनी टोकाला नेली होती. एका विद्यार्थ्याच्या कामावर तासन्‌तास, रात्र होईपर्यंत, चर्चा चाले आणि शिक्षक स्वतः फारच कमी बोलत. अमेरिकन अभ्यासक जेम्स एल्किन्स यांनी अशा बैठकांतील गोंधळाचे मार्मिक विश्लेषण केले आहे: एकच शिक्षक एका दमात तंत्र, आवड, इतिहास आणि विद्यार्थ्याचा स्वभाव यांवर बोलतो आणि कोणते वाक्य कशाबद्दल होते हे ऐकणाऱ्याला कळत नाही. एडमंड फेल्डमन यांनी सुचवलेले वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णय आणि मूल्यमापन हे चार टप्पे शालेय वाटले तरी येथे उपयोगी ठरतात, कारण ते मूल्यमापन शेवटी ढकलतात. महाराष्ट्रातल्या वर्गात अडचण वेगळीच आहे. सर किंवा मॅडम बोलून गेल्यावर कोणी बोलत नाही, वर्गमित्राच्या चित्राबद्दल खरे बोलणे म्हणजे त्याचे मार्क कमी करणे असे मानले जाते, आणि ज्युरीच्या दिवशी विद्यार्थी उभा राहून आपला हेतू सांगून टाकतो, त्यामुळे कामातून तो पोचतो की नाही, हे तपासण्याची संधीच उरत नाही. करणाऱ्याने सुरुवातीला गप्प बसावे आणि इतरांनी फक्त काय दिसते ते सांगावे, एवढा एक नियम पाळला तरी हेतू आणि दिसणे यांतले अंतर उघड होते. संकल्पना दुरुस्त होते ती त्या अंतरात.

या ठिकाणी संकल्पना-टिपणाचा, म्हणजे महाविद्यालयीन भाषेत ‘कन्सेप्ट नोट’चा, विचार टाळता येत नाही. काम पूर्ण झाल्यावर, सबमिशनच्या आदल्या रात्री, अस्मिता, अवकाश, स्मृती, अस्तित्व असे शब्द जोडून लिहिलेले ते एक पान ही या क्षेत्रातली सर्वांत निरर्थक प्रथा आहे, आणि ते इंग्रजीतच हवे असा आग्रह धरला की मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा विचार दुप्पट गुदमरतो. मराठीत कलेवर नेमके लिहिता येते हे द. ग. गोडसे, संभाजी कदम, बाबुराव सडवेलकर यांनी केव्हाच दाखवून दिले आहे. यांच्याही पुढे जाऊन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे असे पुस्तक म्हणजे प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०). जे. जे. मध्ये शिकलेल्या आणि विणकर सेवा केंद्रात दीर्घकाळ नोकरी केलेल्या या चित्रकाराने घड्याळ, पान, ढग, शिंपला अशा साध्या वस्तूंचे एकमेकींशी नाते कसे जुळते आणि एका आकारातून दुसरा कसा निघतो, याच्या नोंदी वर्षानुवर्षे वह्यांत केल्या. त्या वह्यांत चित्र आणि शब्द एकमेकांना पुढे ढकलतात. शब्द चित्राची वकिली करायला शेवटी हजर होत नाहीत. विद्यार्थ्याकडून मागायचेच असेल तर असे रोजचे टिपण मागावे, ज्यात सोडून दिलेले पर्यायही असतील. प्रतिमांचे संदर्भ पिंटरेस्टवरून गोळा करण्याची आणि आता दोन ओळी लिहून यंत्राकडून चित्र मिळवण्याची सोय झाल्यापासून ही गरज वाढली आहे, कारण यंत्र पहिले सुचणारे उत्तर फार लवकर आणि फार गुळगुळीत रूपात हाती देते, आणि निर्णय लांबवण्याचा सराव नसलेल्याला ते पुरेसे वाटते.

हात आधी की विचार आधी, हा जुना वाद या आढाव्याच्या उजेडात बराचसा चुकीच्या जागी मांडलेला दिसतो. रेखाटन कच्चे असलेल्या विद्यार्थ्याच्या संकल्पनाही ढोबळ राहतात, कारण हाताला जे बारकावे दिसत नाहीत ते बुद्धीलाही सहसा दिसत नाहीत. म्हणून कौशल्याचे तास कापून सिद्धांताचे तास वाढवणे हा उपाय नव्हे. ब्रिटनमध्ये १९६० च्या कोल्डस्ट्रीम समितीच्या शिफारशींनंतर कलेतिहास आणि पूरक अभ्यासाला सुमारे १५ टक्के वेळ सक्तीने मिळाला आणि बऱ्याच ठिकाणी तो स्टुडिओशी संबंध नसलेला लेखी पेपर होऊन बसला. मुंबई, नागपूर, कोल्हापूर वा पणजीच्या महाविद्यालयांतही सौंदर्यशास्त्राचा पेपर आणि चित्रशाळा यांच्यात असेच अंतर आहे. रससिद्धांतावर दहा गुणांचे उत्तर लिहिणारा विद्यार्थी त्याच दुपारी ईझलसमोर उभा राहतो तेव्हा त्याला त्याची आठवणही होत नाही. कौशल्याचा प्रत्येक स्वाध्याय प्रश्नासह देणे अधिक फलदायी आहे. हेड स्टडी करायचाच आहे, तर तो समोर बसलेल्या मॉडेलचे मानधन, कंटाळा आणि तासाभराने बदललेली बसण्याची ढब यांकडे पाहत करता येतो.

शेवटी सगळे येऊन ठेपते ते मूल्यमापनावर, आणि तिथेच बहुतेक प्रयोग फसले आहेत. इंग्लंडमधील कव्हेंट्री येथे ‘आर्ट अँड लँग्वेज’ या गटाच्या कलावंत-शिक्षकांनी १९६९ मध्ये सुरू केलेला कलासिद्धांताचा वर्ग १९७१ पर्यंतच टिकला. विद्यार्थ्यांचे लेखन आणि चर्चा हीच त्यांची कलाकृती, ही भूमिका पदविका देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाला मान्य झाली नाही, कारण तपासण्यासाठी डोळ्यांसमोर मूर्त वस्तू हवी होती. महाराष्ट्रातील परीक्षा त्या टोकाला कधी गेल्या नाहीत, पण ठराविक तासांत परीक्षा-केंद्रावर बसून पूर्ण केलेले रचनाचित्र आणि बाह्य परीक्षकाने एका फेरीत पाहिलेले सबमिशन या दोन्हींत तपासली जाते ती फक्त शेवटची वस्तू. प्रश्न कसा बदलत गेला, कोणते पर्याय का टाकले, साथीदारांच्या सूचनांनंतर काय हलले, याला गुणपत्रिकेत रकाना नाही; आणि ज्याला रकाना नाही ते विद्यार्थी करीत नाहीत, शिक्षकही मागत नाहीत. जे. जे. ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवण्याची मोकळीक तिच्या दारी आली आहे. टू-डीचा जुना नमुना, स्थिरचित्राची आयती मांडणी आणि एका फेरीतली तपासणी या तीन गोष्टी तिथे बदलल्या, तर राज्यातील इतर महाविद्यालये आणि त्यांना विद्यार्थी पुरवणाऱ्या रेखाकला परीक्षा यांच्यावरही त्याचा दाब पडेल. नव्या विद्यापीठाने फक्त सत्रांची नावे आणि क्रेडिटचे आकडे बदलले, तर तो दाब पडणार नाही.